पहिला घाणा देवीचा

"ताई, ते सही करायला निघालेत."

दारात स्वप्नाली उभी होती. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात सासूची. मोरिवलीहून बदलापूरपर्यंत ती तशीच आली होती आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

मालिनीताईंनी हातातलं तुळशीचं पाणी खाली ठेवलं. "आधी आत ये. कसली सही?"

"जबाबावर. चूक माझीच, असं लिहून देतो म्हणतात. वकील नको, जामीन नको. मी पाया पडले, तर मलाच म्हणतात, घरी जा, पोरीला जेवायला घाल. ज्यानं केलंच नाही तो असा कबूल कसा होतो हो, ताई?"

कालपासून मालिनीताईंनाही हाच प्रश्न छळत होता, आणि तो नेमका उलटा होता. त्यानं केलं असलं तर?

स्वप्नालीचा नवरा कैलास हा त्यांचा चेला. त्या अंबरनाथच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर असताना तो शिकाऊ म्हणून आला होता. बाकीची पोरं मोटारी खोलायला उतावीळ असायची. कैलासला त्यांनी आधी एकच गोष्ट शिकवली होती. जमिनीत जाणारी हिरवी वायर पहिली लावायची आणि काम संपलं की तीच शेवटी पुन्हा ओढून बघायची. कारखाना सुटल्यावर त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. हॉटेलं, वडापावची दुकानं, फराळवाल्या बायका, जिथे तिथे ओट्यावर ठेवायची तळणीची, भाजणीची यंत्रं बसवून द्यायचा.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात वेणूबाईंच्या घरगुती फराळाच्या दुकानातही त्यानंच बुधवारी विजेचं तळणीचं यंत्र बसवलं. गुरुवारी सकाळी वेणूबाई त्या यंत्राशी मरून पडल्या.

आधी सगळ्यांना वाटलं, हृदय बंद पडलं. दवाखान्यात डॉक्टरांना उजव्या तळव्यावर भाजल्याचा बारीक डाग दिसला आणि शव उल्हासनगरला तपासणीसाठी गेलं. शुक्रवारी सकाळी पोलीस आले. त्यांनी यंत्राचा पॉइंट उघडला. हिरवी वायर सुटलेली होती, आणि वीज गळली की लाइन पाडणारा ट्रिपचा स्विच वायरचा तुकडा मारून निकामी केलेला होता. असा तुकडा आपोआप लागत नाही. म्हणून गुन्हाही साधा नव्हता, सदोष मनुष्यवधाचा होता, आणि कैलासला त्याच दिवशी ताब्यात घेतलं होतं.

"चल," मालिनीताई म्हणाल्या. "आणि चप्पल बदल. माझी घाल."

पश्चिमेच्या पोलीस ठाण्यात कैलास बाकावर बसला होता. त्यानं ताईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"कैलास, हिरवी वायर लावली होतीस?"

"लावली."

"ओढून बघितलीस?"

"बघितली असणार."

"असणार म्हणजे?"

"ताई, साहेबांनी फोटो दाखवला. सुटलेल्या वायरचा. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बोललो, हे माझं काम नाय. मग पुन्हा दाखवला. आता डोळे मिटले की तोच फोटो दिसतो. मी काय केलं ते दिसतच नाय. म्हातारी माझ्या हातून गेली असंल तर मी सुटून काय करू?"

स्वप्नालीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"दिसत नाही तर राहू दे," ताई हळू बोलल्या. "हातांना विचार. बुधवारी आत शिरल्यावर काय काय केलंस, क्रमानं सांग."

कैलासचे हात आपोआप हलायला लागले. "सिंकपासून लांबचं टोक निवडलं. पाणी नको म्हणून. वर पंखा आहे, धूर जायला. भिंतीपासून वीतभर जागा सोडली. मेनपासून नवी लाइन ओढली, ट्रिप बसवली, पॉइंट काढला. मग पाय फिरवून मशीन लेव्हलला आणलं. खाली रबराची मॅट टाकली. वेणूमावशी बोलली, एवढी बडदास्त तर माझ्या लग्नात नवऱ्याची नव्हती."

"नंतर काही तक्रार?"

"संध्याकाळी फोन आला. दुकानाच्या नंबरवरून. ट्रिप सारखी पडते म्हणून."

"कोण बोलत होतं?"

"पुरुषाचा आवाज. मागं मिक्सर चालू होता. मी अवधूत समजून बोललो, त्यानं नाय म्हटलं नाय. मी सांगितलं, ट्रिप बरोबर काम करते, मशीनच्या कॉइलला ओल धरलीय. पिन काढून ठेवा, अजिबात लावू नका. शुक्रवारी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून दुसरा कॉइल आणतो."

"पोलिसांना हे सांगितलंस?"

"सांगितलं. घरातले सगळे बोलतात, असं काय आमच्याशी बोलणं झालंच नाय. फोन आलेला दिसतो. बोललेलं कुठं दिसतं?"

मालिनीताई उठल्या. "मी येईपर्यंत सही करायची नाही. ही माझी शिकवणी समज."

फौजदार सोहम गायकर तरुण होता, दोन रात्री झोपलेला नव्हता आणि ते लपवतही नव्हता. "मॅडम, माणूस स्वतःच बोलतोय मी केलं. आता मी काय त्याला समजावू, बाबा तू नाही केलं?"

"विद्युत निरीक्षक कधी येणार?"

"सोमवारी. तोवर स्वयंपाकघर जसं होतं तसं ठेवलंय. कागद चिकटवलेत."

"तुमच्यासमोर बघते. कशालाही हात लावणार नाही."

सोहमनं स्वप्नालीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग टोपी उचलली. "चला. पण फटाफट. माझा साहेब मला फाडून खाईल."

हेंद्रेपाड्याच्या त्या तळमजल्याच्या घरात पुढे दुकान होतं, मधे स्वयंपाकघर, मागे राहायच्या खोल्या. सुतकाचं घर. चूल पेटत नव्हती. शेजारच्या ठमाबाई भाताचं पातेलं घेऊन आल्या होत्या, पण खाणारं कुणी नव्हतं.

वेणूबाईंचा मुलगा प्रमोद घोंगडीवर बसला होता. डोकं भादरलेलं, पाय अनवाणी. काल संध्याकाळी त्यानं आईला अग्नी दिला होता. सून यशोधरा आतल्या खोलीत भिंतीला टेकून होती. गुरुवार दुपारपासून ती तिथून उठली नव्हती. वेणूबाईंचा भाचा अवधूत, जो दुकानाचा माल पोचवायचा, दाराच्या चौकटीत उभा होता आणि कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हता.

मालिनीताई ठमाबाईंपाशी टेकल्या. "फार देवभोळ्या होत्या ना?"

"अगं, पहिला घाणा देवीचा," ठमाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मार्गशीर्षातला गुरुवार. आंघोळ करून ओलेत्यानं, चप्पल काढून नैवेद्याचे अनारसे तळायच्या. एरवी या दुकानात तुपानं फरशी एवढी निसरडी, की सगळे रबरी चपला घालून वावरतात. पण देवीच्या घाण्याला नाही म्हणजे नाही. सून बाहेर झाडत होती. धप्प आवाज आला म्हणून धावली. प्रमोदही मागून आला. यशोधरा सांगत होती, त्यानं आधी बटण बंद केलं आणि मग आईला उचललं. तळण चालू होतं ना. तेवढ्यातही भान होतं पोराला."

"तुम्ही तिथे होतात?"

"मी मागाहून आले. तोवर रिक्षात घातलं होतं. मग मीच यशोधराला म्हटलं, बाई, जिथे जीव गेला तिथे दिवा लाव. तो विझू देऊ नको."

स्वयंपाकघराच्या दारावरचा कागद सोहमनं सोडवला.

काळ्या कडप्प्याचा लांब ओटा. एका टोकाला पंखा, त्याखाली झाकण घातलेलं तळणीचं यंत्र, समोर फरशीवर रबराची मॅट. दुसऱ्या टोकाला सिंक, त्यावर एक तावदान फुटलेली खिडकी. सिंकच्या बाजूला, फरशीवर पिठाच्या ढिगावर दिवा तेवत होता. वाऱ्यानं विझू नये म्हणून त्यावर टोपली पालथी घातलेली.

"हे बघा," सोहम म्हणाला. "इथे मशीन, इथे पॉइंट, ही मारलेली वायर. बाई इथे उभी राहिली, हात लावला, गेली."

"इथे म्हणजे या मॅटवर?"

सोहम थांबला. "मॅट बाजूला केली असेल. देवाचं करताना रबर कशाला म्हणून. आम्ही आलो तेव्हा अशीच होती."

"शक्य आहे," ताई म्हणाल्या. "दिव्यात तेल कोण घालतं?"

"मुलगा. पहिल्या दिवसापासून तोच. आम्ही अडवलं नाही, धर्माचं काम आहे. मी स्वतः दार उघडून देतो."

"आणि तुम्ही येण्याआधी? गुरुवारी रात्री?"

"तेव्हा कागदच नव्हते. दार उघडंच."

ताई दिव्याजवळ गेल्या. वाकून नमस्कार केला. खिडकीतून गार वारा थेट अंगावर येत होता. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, ओट्याच्या त्या टोकाच्या यंत्राकडे पाहिलं. वारा असलेल्या जागी दिवा ठेवायचा आणि मग टोपली शोधायची, असं कोण करतं?

सिंकच्या वर भिंतीत एक जुना, मोठा सॉकेट होता. पिवळा पडलेला.

"हा कशाचा?"

दारातून अवधूत बोलला. "मावशीच्या जुन्या ग्राइंडरचा. तो भंगारात गेला."

"अवधूत, बुधवारी संध्याकाळी कैलासला फोन तू केलास?"

"मी नाही केला." तो ताडकन म्हणाला. "सगळे मलाच विचारतायत. मी अंबरनाथला चकल्या पोचवायला गेलो होतो. आलो तर मावशीनं उशीर झाला म्हणून झापलं. मी पण उलटं बोललो. शेवटचं तेच बोललो मी तिच्याशी, आता खूश?"

"काय बोललास?"

त्याचा चेहरा वाकडा झाला. "तुझं मशीन, तुझे अनारसे, तूच मर यात."

बाहेर ठमाबाईंनी तोंडावर हात ठेवला. सोहमनं खिशातली पेन्सिल काढली. स्वप्नाली पहिल्यांदाच ताठ उभी राहिली. तिच्या डोळ्यांत आशा होती, आणि ती आशा बघवत नव्हती.

"साहेब," मालिनीताई म्हणाल्या, "या यंत्राचं झाकण काढाल? तुम्ही काढा. मी नाही."

सोहमनं रुमालानं झाकण उचललं.

आत तूप थिजलं होतं. म्हशीचं घट्ट तूप, बदलापूरच्या थंडीत दगडासारखं. त्यात एकच अनारसा, काळा पडून, खसखशीसकट अडकलेला. देवीचा घाणा.

पण ताई अनारशाकडे बघत नव्हत्या. त्या तुपाच्या कडेकडे बघत होत्या. टाकीच्या एका बाजूला तूप दोन बोटं वर होतं, दुसऱ्या बाजूला खाली. सबंध पृष्ठभाग उतरणीसारखा तिरका.

त्यांनी पिशवीतून छोटी पाणसळ काढली, गवंडी वापरतात तशी, काचेत बुडबुडा असलेली. "ही फक्त कडेवर ठेवू का?"

सोहमनं मान हलवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला.

त्यांनी पाणसळ उचलून सिंकच्या टोकाला ओट्यावर ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला आणि तिथेच चिकटला.

मालिनीताईंनी डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "साहेब, यशोधराला इथे बोलवा. प्रमोदलाही. आणि पोलीस ठाण्यात फोन करा. कैलासच्या हातात पेन देऊ नका म्हणावं."

यशोधरेला धरून आणावं लागलं. प्रमोद मागून आला आणि दारातच थांबला.

"यशोधरा," ताईंनी विचारलं, "पोलिसांनी तुला काय विचारलं होतं?"

"आई कुठे पडल्या होत्या. मी सांगितलं, मशीनजवळ."

"या खोलीत आणून विचारलं?"

"नाही. आत. मला उठवतच नव्हतं."

"मग आता दाखव. कुठे?"

यशोधरेनं बोट केलं. दिव्याकडे. "इथे. दिवा ठेवलाय ना मी, तिथेच. डोकं सिंककडे होतं." मग तिची नजर ओट्यावर गेली, आणि तिथून दुसऱ्या टोकाला. ती गोंधळली. "हे तिकडे कधी गेलं?"

"मशीन इथे होतं," ती म्हणाली. "गुरुवारी सकाळी मी बघितलं, मला वाटलं आईंनी पाण्याजवळ घ्यायला लावलं. इथेच तळत होत्या."

सोहमची पेन्सिल हवेतच राहिली. "म्हणजे मशीन हलवलं कोणी?"

"दोनदा हलवलं," मालिनीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, त्यामुळे सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं. "कैलासनं यंत्र तिकडे बसवलं, पाय फिरवून सरळ केलं. बुधवारी संध्याकाळी ट्रिप पडायला लागली. यंत्र गळत होतं आणि ट्रिप तेच सांगत होती. कुणीतरी कैलासला फोन केला. तो म्हणाला, लावू नका. त्या माणसाला ते पटलं नाही. नव्या लाइनवर चालत नाही तर जुन्या लाइनवर चालवू, असं त्यानं ठरवलं. हा ग्राइंडरचा सॉकेट. याला ट्रिप नाही आणि मागे हिरवी वायरही नसणार. यंत्र उचलून इथे आणलं, पिन लावली, आणि यंत्र मुकाट चालू झालं."

"मग त्याला स्वतःला शॉक नाही लागला?" सोहमनं विचारलं.

"पायात रबरी चप्पल होती. या दुकानात सगळ्यांच्या असते. यंत्राच्या पत्र्यात वीज भरलेली असली तरी त्यांना कळलं नसतं. फक्त एका बाईला कळणार होतं. जी देवीसाठी अनवाणी, ओलेत्यानं उभी राहते."

यशोधरा खाली बसली.

"आता हे तूप बघा. पातळ असताना ते टाकी कशीही ठेवली तरी सपाट राहतं. पण थिजलं की थिजलं. हा ओटा इथे सिंककडे उतरता आहे, पाणी जावं म्हणून. इथे यंत्र तिरकं बसलं, म्हणून तूप टाकीत तिरकं थिजलं. आता यंत्र सरळ आहे आणि तूप तिरकं. म्हणजे तूप थिजल्यावर यंत्र परत तिकडे नेलं. सकाळचं उकळतं तूप थिजायला संध्याकाळ उलटली असणार. पंचनामा शुक्रवारी सकाळी झाला. मधे फक्त एक रात्र आहे. डॉक्टरांनी तळव्यावरचा डाग दाखवल्यानंतरची."

"आणि त्याच वेळी ट्रिपला वायर मारली," सोहम हळूच म्हणाला. "हिरवी वायर सोडली. आम्ही यायच्या आधी."

"त्या रात्री अवधूत कुठे होता?"

"उल्हासनगरला," सोहमनं सांगितलं. "शवागाराच्या बाहेर. आमचा हवालदार सोबत होता. सकाळपर्यंत हा तिथून हलला नाही, चहासुद्धा प्यायला नाही म्हणाला."

अवधूतनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"यशोधरेनं केलं असतं," ताई म्हणाल्या, "तर तिनं आता बोट दाखवलं नसतं. घरात तिसरं कोण होतं? रात्रभर दिव्यात तेल घालायला या खोलीत कोण येत होतं? आणि सगळे म्हणत होते छातीत कळ आली असेल, तेव्हा आईला हात लावायच्या आधी बटण कुणी बंद केलं? यशोधरा, कुठलं बटण?"

यशोधरेनं नवऱ्याकडे बघितलंही नाही. "जुन्या सॉकेटचं," ती म्हणाली.

प्रमोद दारातच उभा होता. त्याच्या भादरलेल्या डोक्यावर खिडकीतला उजेड पडला होता. तो दिव्याकडे बघत होता.

"मशीन मी आणलं होतं," तो म्हणाला. "हौसेनं. आईचा हात तुपानं दोनदा पोळला होता. कढईत आच कमीजास्त झाली की अनारसे हसायचे, तुपात विरघळून जायचे, मग ती दिवसभर जेवायची नाही. म्हटलं, हे एका आचेवर चालतं. बुधवारी सगळ्या शेजारणींसमोर चालू केलं आणि ट्रिप पडली. पुन्हा केलं, पुन्हा पडली. ती म्हणाली, दे परत करून, मला माझी कढई बरी. सगळ्या हसल्या."

"म्हणून?"

"म्हणून रात्री इथे लावून दाखवलं. आई खूश झाली. म्हणाली, माझ्या मुलाला बरं कळतं. मी स्वतः हात लावून बघितला होता, ताई. मला काही लागलं नाही."

"कैलासनं सांगितलं होतं ना, लावू नको म्हणून?"

"सांगितलं होतं. मला वाटलं, हे लोक असंच घाबरवतात."

स्वप्नाली पुढे आली. ती ओरडली नाही. "ते काल रात्रीपासून मला सांगतायत, म्हातारीला मी मारलं. तुम्हाला खरं ठाऊक होतं. एका शब्दानं बोलला असतात तर."

"बोलणार होतो," प्रमोद म्हणाला. "गुरुवारीच. साहेब म्हणाले, सकाळी येतो. रात्री इथे बसलो होतो. मग डोक्यात आलं, मी सांगितलं तर सकाळी मला घेऊन जातील. मग आईला अग्नी कोण देणार? आणि सगळ्यांना कळलं, हाच तो, तर मला देऊ तरी देतील का? ज्यानं मारलं त्याच्या हातून?" तो खाली बसला, जसा घोंगडीवर बसायचा तसा. "म्हटलं, एवढे विधी होऊ देत. मग सांगेन. दहाव्यानंतर सांगेन. मशीन उचललं, तूप थिजलं होतं, सांडलं नाही. वायर मारली. मग दिवा उचलायला वाकलो, तोही तिकडे न्यायचा होता. दोनदा वाकलो. हात लागेना. तिचा जीव इथे गेला होता. तिला खोट्या जागी दिवा कसा दाखवू?"

सोहमनं पेन्सिल खिशात ठेवली. त्याला काय करावं कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "चला, दादा. चप्पल घाला."

"सुतकात घालत नाही," प्रमोद म्हणाला आणि अनवाणीच बाहेर पडला. अंगणात त्याला पाहून ठमाबाई बाजूला झाल्या. अवधूत धावत मागून गेला, त्यानं काहीही न बोलता प्रमोदच्या खांद्यावर शाल टाकली आणि परत आला.

यशोधरा तिथेच बसून होती. मालिनीताई तिच्याजवळ खाली बसल्या. त्यांनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मनातल्या मनात देवीचं नाव घेत राहिल्या. आज त्या नावानं त्यांनाही धीर येत नव्हता. न्याय मागायला आल्या होत्या, तो मिळाला होता, आणि एक घर उघडं पडलं होतं.

कैलासला सोडायला संध्याकाळ झाली. कागदपत्रं व्हायची होती, वरच्या साहेबांचा फोन यायचा होता. तो बाहेर आला तेव्हा रस्त्यावरच्या दिव्यांनी डोळे बारीक करून उभा राहिला. स्वप्नालीनं त्याचा दंड धरला आणि सोडलाच नाही.

"ताई," तो म्हणाला, "म्हणजे मी ओढून बघितली होती?"

"बघितली होतीस."

"नक्की?"

"नक्की. ट्रिप पडत होती ना बुधवारी? हिरव्या वायरीतून गळकी वीज जमिनीत जात होती, म्हणूनच ती पडत होती. म्हणजे तुझं सगळं जागेवर होतं."

त्यानं स्वतःचे तळवे उलटसुलट केले. स्वप्नालीनं आणलेली भाजी-पोळी त्यानं हातात घेतली, पण तोंडाजवळ नेली नाही.

"तो ग्राइंडरचा पॉइंट," तो म्हणाला. "साहेबांनी बंद केला?"

मालिनीताई गोंधळल्या. एवढं सगळं उलगडून सांगताना ते त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. "नाही रे. बटण बंद आहे फक्त."

"यशोधरावहिनी एकटी आहे घरात. उद्या कोणी मिक्सर लावला तिथं, ओल्या हातानं…" त्यानं पोळीची गुंडाळी खिशात कोंबली. "साहेबांना विचारा, मला आत जाऊ देतील का. मागची वायर कापून टाकतो. पाच मिनिटांचं काम आहे."

स्वप्नालीचा हात त्याच्या दंडावर घट्ट झाला. त्या घरानं आपल्या नवऱ्याचं दोन दिवस काय केलं, ते तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

"चला," शेवटी ती म्हणाली. "मी येते टॉर्च धरायला. पण आधी ती पोळी खा. इथेच, माझ्यासमोर."